सव्वाचार

मे महिना. ऐरोली, सेक्टर पाच.
गच्चीची फरशी चपलेतून चावत होती
आणि मशीन चालू करून दहा मिनिटं झाली नाहीत
तोच हीट पंपाच्या जाळीवर बर्फ.
फैजाननं आधी फोटो काढला,
मग नखानं खरवडून थोडा मानेवर चोळला.
"उस्ताद, हे गरम पाण्याचंच ना?"

त्याचंच. पण हे स्वतः काही पेटवत नाही रे,
हवेतली ऊब गोळा करतं, दाबतं,
खाली टाकीतल्या पाण्याला नेऊन देतं.
हमाली आहे नुसती.
माल आणून द्यायचं काम पंख्याचं.
पंखा थांबला, की हे आहे त्याच हवेला ओरबाडत बसतं
आणि शेवटी आपणच गोठतं.

कंपनीचा माणूस येऊन गेला होता.
कॉम्प्रेसर गेला म्हणाला, चौतीस हजार.
मी हात ठेवला तर
झोपलेल्या कुत्र्याच्या बरगडीसारखा तो हलत होता,
चांगला जिवंत.

गेज लावले. निळा काटा खाली खाली.
घाईचा माणूस इथे गॅस भरतो.
मीही भरलाय, कळव्याला, एका डॉक्टरांकडे;
तिसऱ्या दिवशी परत बोलावलं त्यांनी
आणि चहा विचारला नाही.

म्हणून आता मी आधी माणसाला विचारतो.
"ताम्हाणेबाई, कालपर्यंत पाणी तापत होतं?"
"हो, मी ढकलत होते ना."
"काय ढकलत होतात?"
त्यांनी टाकीमागून झाडूचा जुना दांडा काढला,
जाळीच्या फटीतून आत घालून दाखवला.
"असा. एक धक्का दिला की फिरायला लागतो.
महिना झाला. काल ताप होता, वर आले नाही."
"त्या माणसाला सांगितलं नाहीत?"
"त्यानं विचारलं नाही.
आणि मशीनला काठीनं ढोसते म्हणायची लाजही वाटली."

टायमर सव्वाचारचा.
सव्वापाचला सासूबाईंना पुसायचं असतं, कोमट पाण्यानं,
मग डायपर, मग पाठीला पावडर,
मग सहाच्या आत दूध.
मी वीज बंद केली, झाकण उघडलं.
आत खाडीच्या हवेनं हिरवे झालेले स्क्रू,
मेलेल्या मुंग्यांची ओळ,
आणि कोपऱ्यात कपॅसिटर, पोट फुगलेला.
साडेतीन मायक्रोचा; मीटर म्हणाला, पॉइंट नऊ.
एवढंच. पहिला धक्का द्यायचा ज्याचा धर्म,
तो म्हातारा झाला होता,
आणि त्याची नोकरी बाई करत होत्या.

नवा लावला. एकशे ऐंशी रुपये.
ब्रशनं जाळी धुतली, मुंग्या फुंकल्या.
बटण दाबलं आणि पंखा
कोणाचीही वाट न पाहता फिरला.
थंड वारा सुटला, फैजान त्यापुढे जाऊन उभाच राहिला
शर्टाची दोन बटणं सोडून.
निळा काटा हळूहळू वर येऊन थांबला.

"झालं. आता झोपा पावणेपाचपर्यंत."
बाई हसल्या नाहीत. पुलाकडे बघत राहिल्या,
मुलुंडच्या बाजूला ट्रक रांगेत होते.
"मग सव्वाचारला मी काय सांगून वर येऊ?
तेवढीच पाच मिनिटं असायची.
अंधार असतो, खाडीवरून वारा येतो,
खालून कोणी हाक मारत नाही."

माझ्याकडे याचा पार्ट नव्हता.
मी बिल लिहिलं: कपॅसिटर, व्हिजिट, जाळी सफाई.
पेन मध्येच अडलं, फैजाननं त्याचं दिलं.
खाली उतरताना पाहिलं, तो हत्यारांबरोबर
झाडूचा दांडाही उचलून निघाला होता.
"अरे ठेव," म्हटलं,
"होता तिथेच ठेव, टाकीमागे."